गटाराची जाळी

सातारा, यवतेश्वर, कास ही माझी दर रविवारची फेरी. वीस वर्षं झाली. घाटात वळणावर समोरून बस आली तर काय करायचं, कुठं लेन सोडायची नाही, हे अंगवळणी पडलंय. त्यामुळं वेगळ्या सायकलमार्गाचा विषय निघाला की मी म्हणायचो, "रस्ता आहे की. चालवता आली पाहिजे."

गेल्या जूनमध्ये सांगलीला बहिणीकडं होतो. भाची अकरावीत. विश्रामबागहून मिरजेच्या बाजूला क्लासला सायकलनं जाते. एका सकाळी तिच्या मागोमाग निघालो. सांगली सपाट, चढ नाही, मला वाटलं आरामात जाऊ. पण मागं हॉर्न वाजला की ती कडेला सरायची. मी सरत नव्हतो. एकदा ती इतकी कडेला गेली, की पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनंच होत्या, फटी टायरएवढ्या. कोपर सोलवटलं, रिम वाकली. "मामा, तू कसा नाही घाबरत?" तिनं विचारलं. मला काही बोलता आलं नाही.

सांगलीतल्या सायकलवाल्या मित्रांना घेऊन अर्ज केला. पहिला अर्ज चुकला. 'शहरात सायकल ट्रॅक करा' एवढंच मोघम मागितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात किमान दोन मीटर रुंदी सांगितलीय, तेही लिहिलं. रस्ता अरुंद आहे, असं उत्तर आलं आणि विषय संपला.

मग एकच गोष्ट धरली, जाळ्या. दोन सकाळी टेप घेऊन फिरलो. प्रत्येक जाळीची फट मोजली, चाक आत घालून फोटो काढला, जवळच्या दुकानाची खूण लिहिली. तेव्हाच नीट पाहिलं, या रस्त्यावर सायकल कोण चालवतं. क्लासची मुलं, दूधवाले, कुपवाड एमआयडीसीला निघालेले कामगार. हेल्मेट घातलेले आम्हीच. वीस वर्षांत मी यांच्यासाठी एक ओळ लिहिली नव्हती, याची लाज वाटली.

ही मोजमापं आणि फोटो जोडून दुसरा अर्ज केला. त्यावर अभियंता स्वतः जागेवर आले. भाचीनं तिची सायकल जाळीवर उभी करून दाखवली. पंधरा दिवसांत त्या टप्प्यातल्या जाळ्यांवर आडव्या पट्ट्या वेल्ड झाल्या. पुढच्या चौकातल्या अजून बाकी आहेत. सायकलमार्ग तर नाहीच.

रविवारी लांब पल्ला मारणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. एक सकाळ क्लासच्या वेळेला एखाद्या मुलीच्या मागं सायकल चालवा. टेप बरोबर न्या.