एक वाडा, दोन चुली

संगणकाच्या डिस्कवरील विभागास ‘पार्टिशन’ म्हणतात, हे प्रथम कानी पडले तेव्हा मला इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्याची वाटणी आठवली. मधे भिंत आली, चुली दोन झाल्या. परसातले दार मात्र कोणी बुजविले नाही.

घरच्या संगणकाचीही अशीच वाटणी झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अकरावी आवृत्ती पेलण्याजोगे आमचे यंत्र नव्हते. तेव्हा भाच्याने त्याच डिस्कवर, विंडोजच्या शेजारी, लिनक्सचे बिऱ्हाड थाटून दिले. लिनक्सच्या घरात सी, डी अशी अक्षरे नसतात. शेजारचा विभाग आपल्या एखाद्या फोल्डरच्या जागी आणून जोडावयाचा, की तेथील कागदपत्रे आपल्याच घरातल्यासारखी दिसू लागतात. या जोडणीस ‘माउंट’ म्हणतात.

मी मात्र सवयीने विंडोजच वापरीत राहिलो. सायंकाळी आई आठवणी सांगे आणि मी त्या टंकलिखित करी. पौषातल्या एका सायंकाळी तिला एकाएकी धाप लागली. मी घाईघाईने ‘हायबरनेट’ करून उठलो. ती पुन्हा त्या खुर्चीपाशी आली नाही.

दिवसवार उरकल्यावर भाच्याने लिनक्स सुरू केले. आईची फाईल दिसली, उघडलीही; परंतु ती शेवटची सायंकाळ तीत नव्हती. शिवाय त्या विभागात एक अक्षरही लिहिता येईना.

“मामा, विंडोज बंद नाही, झोपलेले आहे,” तो म्हणाला.

हायबरनेट करताना यंत्राच्या स्मृतीतला मजकूर डिस्कवरील एका फाईलीत ठेवला जातो. अशा वेळी बाहेरच्याने तेथे काही लिहिले, तर जागे होणाऱ्या विंडोजचा सारा हिशेब चुकावयाचा. म्हणून लिनक्स वाचू देते, लिहू देत नाही. (शेजारधर्म याहून निराळा काय असतो!) ती फाईल पुसून टाकण्याचा हुकूमही आहे, एका ओळीचा. भाच्याची बोटे कळफलकावर टेकलीच होती.

“मी जतन न केलेला मजकूर कोठे असेल रे?”

तो थबकला. “त्याच फाईलीत, मामा.” त्याने हात मागे घेतले.

लिनक्स बंद करून आम्ही विंडोज जागे केले. पडद्यावर पान जसेच्या तसे आले. नवी नवरी म्हणून इंदुरास येताना आईने खंडव्यास गाडी बदलली होती, नर्मदेच्या पुलावरून पात्रात पैसा टाकला होता. पुढे “सासूबाई म्हणाल्या की” एवढेच, आणि तेथे लुकलुकणारी रेघ.

मी प्रथम ते जतन केले. मग भाच्याने ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय काढून टाकली. ती चालू असली तर विंडोज ८ पासून नेहमीच्या ‘शट डाउन’नेही विंडोजचा गाभा अर्धवट झोपलेलाच राहतो म्हणे. त्यानंतर लिनक्समधून तो विभाग लिहिण्यासाठीही खुला झाला.

फाईल आता दोन्ही बिऱ्हाडांत आहे. सासूबाई काय म्हणाल्या, ते मी धाकट्या मावशीस विचारले. तिलाही ठाऊक नाही.