सात शब्दांचा कागद

‘स्टार्ट डॉइच १’ ही जर्मनची सगळ्यात खालच्या, ए-१ पातळीची परीक्षा. तिच्या तोंडी भागात परीक्षार्थीला पहिल्यांदा भेटतो तो हा कागद. त्यावर अवघे सात शब्द: नामे, आल्टर, लान्ट, वोनऑर्ट, श्प्राखन, बेरूफ, हॉबी. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. क्रियापद एकही नाही. वाक्य समोरच्याने जुळवायचं. कागद मोठा अबोल, पण ऐकून घेणारा.

नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय हे सहा शब्द कुठल्याही सरकारी अर्जावर भेटतात. या कागदाचा जीव आहे तो सातव्यात. चौकशी संपवून उठायच्या आधी तो विचारतो, आणि तुला काय करायला आवडतं?

जर्मनीतल्या नवऱ्याकडे राहायला जायचं तर २००७ पासून बहुतेकींना व्हिसाआधी ही पातळी दाखवावी लागते. म्हणून पुण्यात माझ्या वर्गात सातारा-सांगलीकडच्या नव्या सुना येतात. सहा शब्द त्या भराभर पार करतात आणि सातव्याशी थबकतात. “मॅडम, छंद असा काही नाही. शिवते घरी, पण तो काय छंद?” कागदाला तो पुरतो. ‘इश नेए गेर्न’, मी आवडीने शिवते, एवढं म्हटलं की झालं. क्रियापदाला ‘गेर्न’ जोडला की रोजचं कामही आपल्या आवडीचं म्हणून सांगता येतं.

आपल्याकडे काय आहे हे सांगतानाही असंच एका शब्दावर भागतं. मराठीत भाऊ ‘मला’ असतो, मशीन ‘माझ्याकडे’ असतं. जर्मनमध्ये दोन्हींना एकच ‘हाबन’ चालतं. इश हाबे आइने नेमशीने, माझ्याकडे शिवणयंत्र आहे. अडचण फक्त पुल्लिंगी वस्तूंची. जर्मनमध्ये स्कूटर पुल्लिंगी, म्हणून ‘आइन’चं, म्हणजे ‘एक’चं, ‘आइनन’ होतं, आणि ती नसेल तर ‘काइनन’. नसलेलं सांगायलाही इथे व्याकरण लागतं, आणि मुलींना ते आधी येतं.

गाइडमधून ‘लेसन, राइझन’ पाठ करून आलेल्यांचंही हा कागद ऐकून घेतो. वाचन आणि प्रवास. उत्तर बरोबर, गुणही मिळतात. मला मात्र ते सहन होत नाही. परक्या देशाच्या दारात कुणी आवड विचारतंय, तर स्वतःची सांगावी. मी ते पान मिटायला लावते आणि विचारते, काल दुपारी काय केलंस? मग रांगोळी निघते, कबड्डी निघते, गच्चीवरच्या कुंड्या निघतात. प्रत्येकीसाठी शब्द शोधावे लागतात. तास लांबतो, लांबू दे.

शिवणारीने आपली दोन वाक्यं नीट म्हटली, आणि लगेच मराठीत विचारलं, “मॅडम, मशीन तिकडे नेता येईल का?” तिला हे जर्मनमध्ये विचारता यावं म्हणून पुढच्या धड्यातलं ‘कान इश’ आम्ही त्याच दिवशी उघडलं.