पाकिटावरचे शेरे

जुन्या घराच्या माळ्यावर तारेच्या आकड्याला टोचलेली पत्रं सापडली, की माणसं ती आतून वाचायला बसतात. आत बहुधा तेच ते असतं. वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, मनिऑर्डर पोचली, पाऊस यंदा उशिरा लागला. मला विचाराल तर पत्राची अर्धी गोष्ट बाहेरच्या बाजूला लिहिलेली असते, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. ती वाचायला मला शिकवलं आमच्या कणकवलीतल्या एका शेजाऱ्यांनी. सारी नोकरी त्यांनी टपालखात्यात काढली होती.

त्यांचा पहिला धडा असा, की पाकीट उलटं करायचं आणि शिक्के तारखेप्रमाणे लावायचे. पुढचा शिक्का पत्र निघालं तिथला, मागचे ते जिथे जिथे पोचलं तिथले. खोडलेला पत्ता पहिला, त्याच्या शेजारी वेगळ्या शाईत लिहिलेला दुसरा. दोन तारखांमध्ये दिवस जास्त गेले असतील, तर मधे कुणीतरी आपल्या माणसाचा शोध घेत हिंडलं आहे असं समजावं.

दुसरा धडा शेऱ्यांचा. 'लेफ्ट' म्हणजे माणूस ती जागा सोडून गेला. (आमच्या आळीतला एक शाळकरी मुलगा याचा अर्थ 'डावीकडच्या घरात द्यावे' असा लावी!) 'नॉट नोन' म्हणजे त्या पत्त्यावर अशा नावाचं कुणी कुणाला ठाऊक नाही. 'अनक्लेम्ड' म्हणजे पत्र पोस्टात थांबलं, पण न्यायला कुणी आलं नाही. आणि 'रिफ्यूज्ड' म्हणजे माणूस दारात उभा होता, पत्र समोर होतं, आणि त्यानं ते घेतलं नाही. पहिल्या तिघांत कुणाचा दोष नाही. चौथ्यात मात्र माणसाचं मन आहे. म्हणून तर रजिस्टर नोटिशीवर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला, की ती बजावली गेली असंच कोर्ट सहसा धरून चालतं.

आमच्या भागाला हे शेरे फार. एके काळी इथल्या घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत असायचा. परळ-लालबागेत एकेका गावाची मिळून खोली असे. तिच्यात माणसं पाळीप्रमाणे झोपत. पत्र माणसाच्या नावे असलं, तरी पत्ता खोलीचा नाही तर खाणावळवालीचा असायचा. माणूस गिरणी बदलायचा, खोली बदलायचा, आणि पत्र बिचारं जुन्या दारात जाऊन उभं राहायचं. फिरवून पाठवायला जादा पैसे पडत नसत. कुणीतरी पत्ता खोडायचं, नवा लिहायचं, की पत्र पुन्हा चालू लागायचं.

आमच्या घरात असंच एक पत्र होतं. 1951 सालचं. आजोबा अंथरुणाला खिळलेले. आजीनं मास्तरांकडून थोरल्या काकांना पत्र लिहवून घेतलं, की असशील तसा निघून ये. काका आले नाहीत. आजोबा गेले, बारावं झालं, आणि चतुर्थीच्या तोंडावर पत्रच परत आलं. पाकीट फोडलेलं होतं आणि पुन्हा चिकटवलेलं. आजी एवढंच म्हणाली, "फोडल्यान, वाचल्यान आनि परत धाडल्यान." त्यानंतर त्यांचं नाव तिनं घेतलं नाही. काकांना बाप गेल्याची बातमी दोन महिन्यांनी गाववाल्यांकडून कळली. आपल्याला घरानं कळवलंच नाही, ही त्यांची गाठ. तेही पुन्हा आले नाहीत. मी जन्मलो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं.

आजी गेली, काका गेले. पाकीट आकड्यालाच होतं. ते मी शिकवल्याप्रमाणे उलटं केलं. पुढे कणकवली, 9 ऑगस्ट. मागे परळ, 13 ऑगस्ट. पत्त्यात 'मुंबई 12' असं होतं. तोच आकडा 1972 च्या पिनकोडात 400012 होऊन बसला. त्यावर तांबड्या शाईची रेघ, 'लेफ्ट', आणि कुणाच्या तरी मोडक्या अक्षरात 'कुर्ला, गिरणीजवळ'. चाळीचं नाव नाही, खोलीचा नंबर नाही. मग कुर्ला, 17 ऑगस्ट, आणि 'नॉट फाउंड'. शेवटी एक शिक्का, 'डी. एल. ओ., बॉम्बे'.

हे डेड लेटर ऑफिस. पुढे त्याला रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणू लागले. ज्या पत्राचा धनी सापडत नाही आणि बाहेर पाठवणाऱ्याचा पत्ताही नाही, ते इथे येई. 1898 च्या टपाल कायद्यानं इथल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला पत्र उघडण्याची मुभा होती, आणि ती कशासाठी, तर आत पाठवणाऱ्याचं ठिकाण सापडतं का हे पाहण्यासाठी. मजकुराची वाच्यता करायची नाही, या अटीवर. मास्तरांनी बाहेर आमचा पत्ता लिहिलेला नव्हता. म्हणून पत्र तिथे फोडलं गेलं, बंद केलं गेलं, आणि कणकवलीला आलं. काकांचा त्याला हातसुद्धा लागला नव्हता. सबंध पाकिटावर 'रिफ्यूज्ड' हा शब्द कुठेही नव्हता.

एका घरचे दोघे जन्मभर एकाच पत्रावरून रुसले. तिला वाटलं, त्यानं ते परत केलं; त्याला वाटलं, तिनं ते लिहिलंच नाही. खरा निवाडा तर पाकिटाच्या पाठीवर होता, पण आमच्या घरात त्या वेळी इंग्रजी कुणाला येत होतं?

पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मी कुर्ल्याच्या दादाला पाठवले, तारखा मराठीत लिहून. दादा आता ऐंशीच्या घरात आहे. रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आजयेन पत्र धाडलेला!" आणि गणपतीला कोणती गाडी कणकवलीला थांबते, ते विचारू लागला.