जुनी ड्राईव्ह लगेच कुणाला देऊ नका

पोस्ट जरा लांब आहे, पण घरात जुना लॅपटॉप असेल तर वाचाच.

आमचा लॅपटॉप २०१९ला पुण्यात घेतलेला. इथे करामाला राहायला आलो आणि मार्च २०२०मध्ये शाळाच घरात आली. व्हॉट्सअॅप कॉल इथे लागत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून सासूबाई रोज संध्याकाळी झूमवर लेकीला बाराखडी शिकवायच्या. फुकटच्या झूमचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच साठतं. अशी चाळीसेक रेकॉर्डिंग्ज. आई आता फारसं बोलत नाहीत. नातीचं नावही कधीकधी आठवत नाही त्यांना.

गेल्या महिन्यात लॅपटॉपची २५६ जीबी जागा भरली. ह्यांनी खालिद बिन वलीद रस्त्यावरून, म्हणजे आपल्या कम्प्युटर स्ट्रीटवरून, एक टीबीची एसएसडी आणली. जुन्या ड्राईव्हवरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर क्लोन केलं, नवी बसवली. तर म्हणे बूट डिव्हाइस सापडत नाही! मग ह्यांनी बायोसमध्ये शिरून दोन-चार सेटिंग्ज बदलली. त्यावर निळी स्क्रीन आली: बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की द्या.

आम्ही कुलूप कधी लावलंच नव्हतं! पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एनक्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि की त्या अकाउंटवर जाते. अकाउंट उघडायला गेलो तर ओटीपी जाणार भारतातल्या नंबरवर. ते सिम रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडलेलं.

गल्लीतल्या दुकानात गेलो. तो म्हणाला, "डेटा जाएगा, नया विंडोज डालता हूँ. पुराना ड्राईव्ह दे दो, पैसा कम करूँगा." खरं सांगते, मी हो म्हणणारच होते. ह्यांनी ती मुकाट्याने खिशात टाकली.

घरी येऊन जुनी परत बसवली, सेटिंग्ज होती तशी केली. लॅपटॉप सुरू! कारण हे कुलूप लॅपटॉपमधल्या सुरक्षा चिपशी बांधलेलं असतं. आत काही बदललं की त्याला संशय येतो. सगळं पूर्ववत दिसलं की गपगुमान उघडतं.

दुसऱ्यांदा मात्र नीट केलं:

१. आधी अकाउंटवरचा फोन नंबर इथला केला. की कागदावर उतरवून पासपोर्टच्या पिशवीत ठेवली.
२. आजीची रेकॉर्डिंग्ज वेगळ्या डिस्कवर कॉपी केली.
३. सेटिंगमध्ये जाऊन एनक्रिप्शन बंद केलं. याला काही तास लागतात, घाई नको.
४. मग क्लोन केलं, नवी बसवली. सुरू झाल्यावर एनक्रिप्शन पुन्हा चालू.
५. तरी सी ड्राईव्ह पूर्वीएवढीच दिसली. घाबरू नका, उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमधून जोडावी लागते.

जुनी ड्राईव्ह अजून कपाटात आहे. नवी दोन-तीन महिने नीट चालेपर्यंत ती पुसायची नाही, विकायची तर नाहीच.

काल लेकीने एक रेकॉर्डिंग लावलं. "ळ नीट म्हण गं," आई ओरडतायत. ती आता बारा वर्षांची आहे, तरी तिने स्क्रीनसमोर बसून ळ म्हटला.

आज रात्री एवढंच करा: तुमच्या अकाउंटवर कुठला नंबर आहे ते बघा. आणि तुमच्या घरच्या आजी-आजोबांचे आवाज कुठे ठेवलेत? खाली नक्की लिहा.