फिके रंग आणि न दिसणारी माशी

१/ सोलापूरच्या भवानी पेठेत यंत्रमागांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो थांबला म्हणजेच लोकांचे लक्ष जाते. मागांना सुटी असलेल्या अशाच एका शांत संध्याकाळी तिथल्या एका घरात नातू आणि आजोबा जुना फ्रेंच विनोदी चित्रपट पाहायला बसले. दिग्दर्शक जाक ताती. चित्रपट 'जूर द फेत', म्हणजे जत्रेचा दिवस. साल १९४९.

२/ नातू इतिहासाचा विद्यार्थी. चित्रपटाची पुनर्संचयित रंगीत प्रत त्याने हौसेने मिळवली होती. दहाच मिनिटांत त्याचा विरस झाला. गाव करडे, रंग फिके, पडद्यावर बारीक कण. त्याने टीव्हीचे रंग वाढवले, कण घालवणारी सोय चालू केली आणि संवाद स्पष्ट करणारीही. चित्र गुळगुळीत झाले. माणसांचे चेहरे मात्र मेणाचे दिसू लागले. चाळीस वर्षे चादरी विणलेले आजोबा म्हणाले, "अरे, हे कापड खळ घालून इस्त्री केल्यासारखं दिसायलंय. सूत कुठं गेलं?"

३/ ते सूत म्हणजे फिल्मवरचे कण. फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या क्षारांपासून घडते; कण हा तिचा मळ नव्हे, तीच तिची वीण. ओरखडे, धूळ, बुरशी हे काळाचे देणे, ते काढावे. कण पुसले, की त्यांच्यासोबत त्वचेचा पोत आणि कपड्याची घडीही जाते. पुनर्संचयनाचा पहिला प्रश्न हाच असतो : दोष काळाचा, की तो दोषच नाही?

४/ मग रंग फिके का? १९४७ साली तातींनी हा चित्रपट दोन कॅमेऱ्यांनी टिपला. एकात 'थॉमसनकलर' ही नवी रंगीत फिल्म होती, दुसऱ्यात खबरदारी म्हणून कृष्णधवल. ही खबरदारीच कामी आली. रंगीत फिल्मवरून प्रती काढणे त्या काळी जमलेच नाही आणि १९४९ साली प्रेक्षकांपुढे आला तो कृष्णधवल चित्रपट.

५/ थॉमसनकलरची युक्ती आजोबांना लगेच उमगली. त्या फिल्मच्या पाठीवर अतिसूक्ष्म भिंगांच्या रेषा कोरलेल्या असत आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर तीन रंगांची गाळणी असे. फिल्मवर रंग नसेच; असत त्या काळ्यापांढऱ्या बारीक रेषा, ज्यांच्या मांडणीत रंगाची खूण दडलेली असे. "म्हणजे आपलं जकार्डच की," आजोबा म्हणाले. जकार्डच्या पुठ्ठ्यावर फूल दिसत नाही, नुसती छिद्रे दिसतात. माग चालला की चादरीवर फूल उमटते. ते तंत्रही फ्रान्समधल्या लियों शहराचे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे.

६/ तातींकडे पुठ्ठे होते, माग नव्हता. १९८२ साली ते वारले, तोवर या चित्रपटाचे खरे रंग पडद्यावर आले नव्हते. पुढे त्यांची कन्या सोफी तातीशेफ आणि छायालेखक फ्रान्स्वा एद यांनी जपून ठेवलेल्या त्या फिल्ममधून रंग उलगडले. रंगीत 'जूर द फेत' प्रेक्षकांपुढे आला तो १९९५ साली. आणि त्यातला फिकेपणा तातींचाच होता. गावातली दारे त्यांनी मुद्दाम करड्या रंगात रंगवून घेतली होती आणि गावकऱ्यांना गडद कपडे दिले होते. रंग गावात यावेत ते जत्रेबरोबर, आणि जावेत तेही जत्रेबरोबरच. नातवाने रंग वाढवून जत्रेआधीच जत्रा भरवली होती.

७/ असाच रंगांचा प्रयत्न मराठी माणसानेही केला होता, आणि तोही चौदा वर्षे आधी. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'सैरंध्री' रंगीत करायचे ठरवले. रंगीत प्रतींसाठी चित्रपट जर्मनीला नेण्यात आला. रंग मनासारखे उतरले नाहीत. शांतारामांचा टेक्निकलरमधला गाजलेला 'झनक झनक पायल बाजे' आला तो थेट १९५५ साली.

८/ धडपड दोघांची सारखी, अपयशही सारखे. पण तातींची मूळ फिल्म टिकली, म्हणून अपयश दुरुस्त होऊ शकले. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले. 'सैरंध्री'नंतर एकतीस वर्षांनी. ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे गेली. नायट्रेट फिल्म पेटली की पाण्यानेही विझत नाही. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. तरी प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी थोडा तपशील गळतोच. फाटलेली चादर त्याच चादरीच्या सुताने रफू करता येते. सूतच उरले नाही, तर रफूगार काय करणार?

९/ आता आवाज. या चित्रपटात संवाद नावापुरते. एका प्रसंगात सायकलवरचा पोस्टमन हात झाडत येतो; माशी दिसत नाही, फक्त तिची गुणगुण ऐकू येते. गुणगुण सरकते, आणि जवळचा शेतकरी हात झाडू लागतो. तिथून ती पुन्हा पोस्टमनकडे जाते. सारा विनोद त्या गुणगुणीत आहे. नातवाने चालू केलेल्या सोयीने नेमकी तीच दबली होती. यंत्राच्या लेखी ती खरखर होती.

१०/ नातवाने सगळ्या सोयी बंद केल्या आणि प्रसंग पुन्हा लावला. गुणगुण घरभर पसरली. आजोबा मोकळेपणाने हसले. पण ते मघाशीही तसेच हसले होते. चाळीस वर्षांच्या खडखडाटात त्यांच्या कानांनी बारीक आवाज केव्हाच गमावले आहेत. माशी त्यांना दोन्ही वेळा ऐकू आली नव्हती. ती त्यांना पोस्टमनच्या हातांत दिसली होती.

११/ नातवाने विचारले, "मग मी सोयी बंद केल्या काय आणि चालू ठेवल्या काय, तुम्हाला काय फरक?" आजोबा म्हणाले, "मला ऐकू येत नाही, तो माझ्या कानाचा दोष. माशी तिथं असायला पाहिजे. उद्या कुणाला तरी ऐकू येईल."