नातीला शिबिरास धाडताना

उन्हाळ्याची सुट्टी आणि आजोळ ही जोडी आम्ही कधी वेगळी करून पाहिली नव्हती. आमच्या लहानपणी परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की बडोद्याहून रात्रीची गाडी, मुंबईस भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, आणि पुढे नारळी-पोफळीच्या वाडीतले आजोबांचे घर, असा क्रम ठरलेला असे. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीला पैसे मोजून, अनोळखी माणसांच्या हवाली करून, दोन आठवडे रानात ठेवायचे, ही कल्पना गेल्या वर्षी अमेरिकेत प्रथम आमच्या कानी आली, तेव्हा आम्ही उभयता काही वेळ गप्पच बसलो.

आधी आमची ओळख सांगितली पाहिजे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आमच्यात परंपरेने सांगतात, की पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, पोथ्या बुडाल्या, आणि वाचलेल्यांपाशी ‘शेमा’ ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम एवढेच उरले. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आमचे पणजोबा नोकरीनिमित्त बडोदे संस्थानात आले आणि आम्ही येथलेच झालो. बडोद्यात आमची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सणावाराला अहमदाबादेस मागेन अब्राहम या सिनेगॉगमध्ये जावे लागते. ते १९३४ सालचे, आणि साऱ्या गुजरातेत तेवढे एकच.

मुलगा न्यू जर्सीत असतो. सून तिकडचीच यहुदी. तिचे पूर्वज पूर्व युरोपातून गेलेले. जानेवारीअखेर आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होते, आणि जेवणाच्या टेबलावर उन्हाळी शिबिरांची माहितीपत्रके पसरलेली होती. जुलै महिन्यातील जागा जानेवारीत धरावी लागते, हे ऐकून आम्ही चकित झालो. सून स्वतः लहानपणी सात उन्हाळे अशा शिबिरास गेलेली. तिने या प्रथेची जी हकिकत सांगितली, तिने आमचा निम्मा विरोध मावळला.

अमेरिकेत मुलांना असे रानात नेण्याची सुरुवात १८६१ साली कनेक्टिकट राज्यातील फ्रेडरिक विल्यम गन नावाच्या शाळामास्तरांनी केली, असे मानतात. त्यांनी आपले विद्यार्थी घेऊन समुद्रकाठी तंबू ठोकले. यहुदी मुलांसाठी १९०२ साली हडसन नदीच्या परिसरातील डोंगरांत ‘सरप्राइज लेक’ हे शिबिर निघाले. न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील कोंदट चाळींत वाढणाऱ्या मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळावी, हा त्यामागचा हेतू. पुढे काळ पालटला, चाळी सुटल्या, हवा मिळाली; मात्र घरातली प्रार्थना आणि भाषा विरळ होऊ लागली. १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यात पहिले ‘रामा’ शिबिर सुरू झाले, तेव्हा हिब्रू भाषा आणि धर्मशिक्षण हाच त्याचा गाभा होता. अलीकडे, २०१० साली, न्यू यॉर्क राज्यात ‘ईडन व्हिलेज’ हे शेतीवर आधारलेले शिबिर आणि कोलोरॅडोच्या डोंगरांत ‘रामा’चेच रानभटकंतीचे शिबिर निघाले. प्रथम हवेसाठी, मग भाषेसाठी, आणि आता पुन्हा मातीसाठी, असा हा प्रवास आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाचकांस यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. एकट्या आईने घरात शिकविलेली भाषा उंबरठ्यापाशी अडते. बरोबरीची चार पोरे ती बोलू लागली, तरच ती अंगणात येते. आपली मंडळे, गणेशोत्सव, बालनाट्ये याचसाठी चालली. तेथे तेच काम तलावाकाठी, झाडाखाली चालते, इतकाच फरक.

असो. टेबलावर शेवटी तीन शिबिरांची पत्रके उरली. पहिले मोठ्या तलावाकाठचे. मोटारबोटी, टेनिसची मैदाने, नाट्यगृह असा थाट. दुसऱ्यात हिब्रू आणि प्रार्थना यांवर भर. तिसरे लहानसे, डोंगराच्या उतारावर. भाजीचे वाफे, शेळ्या, लाकडी खोल्या, आणि एक रात्र उघड्यावर मुक्काम. तिन्ही ठिकाणच्या स्वयंपाकघरांत मांस आणि दूध वेगळे ठेवीत, तेव्हा तो प्रश्न नव्हता. खर्च मात्र तिन्हींचा डोळे पांढरे करणारा. आठवड्यास हजार डॉलरच्या वर आकार ही तिकडे सामान्य गोष्ट आहे. यहुदी शिबिरांच्या साहाय्यासाठी १९९८ साली स्थापन झालेली एक संस्था प्रथमच जाणाऱ्या मुलांना हजार डॉलरपर्यंत साहाय्य मिळवून देते, आणि बरीच शिबिरे ऐपत पाहून सूटही देतात. मात्र ती मागावी लागते. मुलाला मागण्याचा संकोच होता. सुनेने त्याला विचारले, “भाजी घेताना भाव करता ना?” तो विषय तेथेच मिटला.

मुलाला पहिले शिबिर पसंत होते, कारण ते घरापासून जवळ. आमचा कल दुसऱ्याकडे. ज्यांच्या पूर्वजांपाशी एकच प्रार्थना उरली होती, त्यांच्या पणतीने चांगल्या चार-सहा शिकाव्यात, असे आम्हांस वाटे. सून म्हणे, “निवड ठिकाणाची नसते, माणसांची असते.” नात काहीच बोलत नव्हती.

ती का बोलत नव्हती, हे एका दुपारी मटार सोलताना कळले. रविवारी ती जेथे हिब्रू शिकण्यास जाई, तेथे एका मुलीने तिला विचारले होते, “तू दत्तक घेतलेली आहेस का?” नातीचा वर्ण आमच्यावर गेला आहे. तिने हे आईबापांना सांगितले नव्हते. आम्हांला सांगितले, ते बहुधा आमचाही रंग तोच म्हणून. मग तिने हळूच विचारले, “आजी, शिबिरात पण विचारतील का गं?”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. हा प्रश्न आमच्या घराण्यास नवा नाही. इस्राएलमध्ये गेलेल्या आमच्या आप्तांना १९६२ साली तेथील धर्मपीठाने लग्नाच्या वेळी वंशाची चौकशी लावली होती. अपमानाने पेटलेल्या बेने इस्राएल लोकांनी निदर्शने केली, ठिय्या दिला. अखेर १९६४ साली तेथील संसदेने आम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. ती पत्रे वडीलधाऱ्यांनी वाचताना आम्ही लहानपणी ऐकली आहेत. संसदेने मिटविलेला प्रश्न साठ वर्षांनी एका नऊ वर्षांच्या मुलीपुढे पुन्हा उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद घेऊन प्रश्न लिहून काढले. किती मुलांमागे किती मोठी माणसे? (शिबिरांना मान्यता देणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेचा दंडक नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक असा आहे.) रात्री खोलीत मुलांसोबत कोण झोपते? परिचारिका तेथेच राहते का? तलावात उतरताना मोजदाद कशी होते? रानातून आल्यावर गोचीड पाहतात का? त्या भागात गोचिडीच्या चाव्याने ‘लाइम’ नावाचा आजार होतो. आणि सर्वांत शेवटी: आमच्या नातीला कोणी विचारले, ‘तू खरी यहुदी आहेस का?’, तर तुम्ही काय कराल?

तिन्ही शिबिरांच्या संचालकांशी फोनच्या पडद्यावर समोरासमोर बोलणे झाले. पहिल्या प्रश्नांची उत्तरे तिघांनीही चोख दिली. शेवटच्या प्रश्नावर मोठ्या शिबिराचे संचालक हसून म्हणाले, “आमच्याकडे असे कधीच घडत नाही. येथे सारे एक कुटुंब आहे.” दुसऱ्या ठिकाणी उत्तर मिळाले, की असा प्रसंग आलाच तर मुलीस सर्वांपुढे भारताविषयी बोलण्याची संधी देऊ, सर्वांना ते फार आवडेल.

तिसऱ्या शिबिराच्या बाई थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “घडते. दोन उन्हाळ्यांपूर्वी घडले, आणि आम्ही ते चुकीचे हाताळले. त्या मुलाला शेकोटीपुढे उभे करून घराण्याचा इतिहास सांगायला लावला. बिचारा सुट्टीला आला होता, आणि आम्ही त्याला प्रदर्शनातली वस्तू केले. आता आम्ही विचारणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन बोलतो. ज्याला विचारले, त्याने काही सांगायचे की गप्प राहायचे, हे तो स्वतः ठरवितो.”

पडदा बंद झाल्यावर कोणीच काही बोलले नाही. मग नातच म्हणाली, “मला शेळ्यांच्या शिबिरात जायचंय.” आमच्या चार प्रार्थना राहून गेल्या, पण आम्ही हट्ट धरला नाही. ‘येथे असे घडतच नाही’ म्हणणाऱ्याने कधी पाहिलेच नसते. ‘घडले आणि आम्ही चुकलो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती लेकरू द्यावे, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

जूनच्या अखेरीस ट्रंक भरली. बॅटरी, रेनकोट, शुक्रवार संध्याकाळसाठी पांढरे कपडे, पत्ता लिहिलेली पाकिटे. फोन नेण्यास बंदी होती. पालकांच्या सभेत त्या बाईंनी एक गोष्ट बजावली होती: ‘करमले नाही तर न्यायला येऊ’ असे वचन कोणीही देऊ नये. त्यामुळे मुलाला वाटते, की आपण तेथे राहू शकू असा मोठ्यांनाच भरवसा नाही. मग त्याचे सारे चित्त परतीच्या वाटेकडे लागते. आम्ही माना डोलावल्या होत्या. तरीही बस सुटताना आमच्यापैकी एकाने नातीच्या कानात तेच वचन दिले. कोणी, ते येथे लिहीत नाही.

पाचव्या दिवशी पत्र आले. नातीला देवनागरी लिहिता येत नाही. पत्र इंग्रजीत होते. त्याचा आशय असा: येथे फार अंधार आहे. खालच्या पलंगावरची मुलगी घोरते. आजोबा न्यायला येतो म्हणाले होते. ते कधी येणार?

लिहीत नाही म्हटले होते, ते असे उघडे पडले. आमच्यापैकी एकाने दुसऱ्याशी संध्याकाळपर्यंत बोलणे टाकले. मुलाने शिबिरात फोन लावला. बाईंनी शांतपणे सांगितले, की पत्र तीन दिवसांपूर्वीचे आहे आणि आज सकाळी मुलगी शेळीची धार काढीत होती. मग त्यांनी विचारले, “कोणी तिला वचन दिले होते का?” फोन आजोबांच्या हाती देण्यात आला. बाई रागावल्या नाहीत. “ते वचन आता तुम्हीच परत घ्यायला हवे,” एवढेच म्हणाल्या.

सत्तरी उलटल्यावर नातीची माफी मागणारे पत्र लिहिणे सोपे नसते. तीन कागद फाडले. शेवटी आम्ही दोघांनी मिळून चार ओळी लिहिल्या: वचन चुकीचे होते. आम्ही न्यायला येणार नाही. तू राहू शकतेस, हे आम्हांस ठाऊक आहे. भीती आमची होती, ती तुझ्या ट्रंकेत भरली. उत्तर आले नाही. ते दिवस फार कठीण गेले.

दोन आठवड्यांनी तिला आणावयास आम्हीही गेलो. डासांनी फोडलेले पाय, रापलेला चेहरा, आणि धावत येऊन मिठी. गाडीत ती एकसारखी बोलत होती. काजवे किती, पॉयझन आयव्हीची पाने कशी ओळखायची (आपल्या खाजकुयलीसारखीच ती अंगाला खाज आणते), सारे झाले. शनिवारी तेथे तास नसत, घंटा नसत. आणि संध्याकाळी शब्बाथ संपण्यापूर्वी सारी मुले तलावाकाठी उताणी पडून आकाशात तीन तारे शोधीत. तीन दिसले, की वेणीसारखी वळलेली मेणबत्ती पेटे आणि मसाल्याच्या डबीचा वास हातोहात फिरे. आमची आजीही वाडीच्या अंगणात असेच तीन तारे दिसण्याची वाट पाही. नातीने तिला पाहिलेलेही नाही.

मग आम्ही न राहवून विचारले, “कोणी काही विचारलं का गं?”

“विचारलं की. तिसऱ्याच दिवशी. एक मुलगी म्हणाली, तुम्ही यहुदी कधी झालात? ताईने तिला बाजूला नेलं. मला विचारलं, तुला काही सांगायचंय का? मी नाही म्हटलं.”

“मग?”

“मग काही नाही. आम्ही होडीत बसलो.”

दुसऱ्या शुक्रवारी मात्र, दिवे मालवल्यावर, अंधारात तिने आपणहून खोलीतल्या मुलींना शनिवार तेल्यांची गोष्ट सांगितली. घाणा म्हणजे काय, हे तिला नीट ठाऊक नव्हते. पण बैल गोल गोल फिरे आणि शनिवारी त्यालाही सुट्टी असे, एवढे तिने आमच्याकडून ऐकले होते. शब्बाथच्या आज्ञेत जनावरांनाही विसावा सांगितला आहे. मुलींना तो बैलच सर्वांत आवडला. पहिल्यांदा विचारणारी मुलगी म्हणाली, की माझ्या पणजोबांकडे बैल असता तर किती बरे झाले असते.

घरी पोहोचलो, ट्रंक उघडली. तळाशी आमचे पत्र होते, घड्या पडून मऊ झालेले. आम्ही ते पाहिल्याचे नातीने पाहिले. ती पुढच्या वर्षीचा अर्ज आईकडे मागतच होती. वळून म्हणाली, “आजोबा, पुढच्या वेळी काही कबूल करू नका हं.”

आम्ही कबूल केले.