रटून म्हणजे काय हो?



यंदा ९ फेब्रुवारीला आपला २८ गुंठ्याचा ऊस तुटला. को ८६०३२ ची लागण. त्याच संध्याकाळी पोरगा म्हणाला, "दादा, हा काढूनच टाकू. मागच्या खोडव्यानं पार घालवलंय."

त्याचं चूक नव्हतं. दोन वर्षांमागं दुसऱ्या तुकड्यात तोड मार्च संपताना आली. बुडखे वीतभर उंच राहिले आणि मी घाईत पाचट पेटवलं. डोळे भाजले, निम्म्या सरीत नांग्या पडल्या. लागणीला एकरी ५४ टन पडलेलं रान खोडव्याला २६ वर आलं. काडी मीच ओढली होती, दुसऱ्या कुणाला काय बोलायचं?

कारखान्याचे शेती अधिकारी मात्र म्हणाले, "काका, रटून चांगला येईल, ठेवा." हा रटून शब्द मी तीस वर्षं ऐकतोय. मला आपलं वाटायचं, रटाळाचाच कुणी भाऊबंद असणार. तेच पीक पुन्हा, जरा कमी जोमाचं.

लेक कॉलेजात इंग्रजी शिकते. तिला सहज विचारलं, तर तिनं शोधून सांगितलं की शब्द मुळात इंग्रजीही नाही, स्पॅनिश आहे. 'रेतोन्यो', म्हणजे नवा फुटवा. त्याच्या आत 'ओतोन्यो' लपलाय, म्हणजे शरद ऋतू. स्पेनात उन्हाळा कोरडा जातो, गवत करपतं, आणि शरदातल्या पावसानं रान पुन्हा हिरवं होतं. आपल्याकडं मृगात होतं तसं. 'रे' म्हणजे पुन्हा.

१४९३ साली कोलंबसानं दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढं तिथं इंग्रजांचेही मळे झाले आणि हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. त्या मळ्यांत राबायची ती आफ्रिकेतून धरून आणलेली गुलाम माणसं. नवी लागण म्हणजे कुदळीनं खड्ड्यामागं खड्डा खणायचा, सगळ्यात जीवघेणं काम. रटून राखला की तेवढे खड्डे वाचायचे. गंमत बघा, स्पॅनिश लोक साखरेला 'असूकार' म्हणतात, तो शब्द आपल्या शर्करेपासून फिरत फिरत तिकडं गेलेला. आपला शब्द तिकडं गेला, त्यांचा आपल्या बांधावर आला.

मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आपण खोडवा म्हणतो, म्हणजे नजर मागं उरलेल्या खोडावर. त्यांची नजर नव्या कोंबावर. मी आजवर जुन्या खोडाच्या, जुन्या मुळांच्या जिवावर पीक धरतोय असंच समजून चाललो होतो. म्हणून खताला उशीर केला तरी मनाला काही वाटायचं नाही.

पोराला म्हटलं, महिनाभर दम धर. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटले. पाचट सरीत दाबलं, त्यावर साडेबावीस किलो युरिया, २८ किलो सुपर फॉस्फेट आणि तीन किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले. हे हेक्टरी ८०, १०० आणि १० किलोच्या शिफारशीवरून काढलेलं, तुमच्या रानाचा हिशेब तुम्ही करा. पंधरा दिवसांच्या आत पहारीनं खताचा पहिला हप्ता दिला.

महिन्यानं एक बेट खोऱ्यानं उकरून पोराच्या हातात दिलं. जुनी मुळं काळी पडून तुटत होती. प्रत्येक कोंबाच्या बुडाला मात्र पांढरी, दोऱ्यासारखी मुळी सुटलेली, त्याची स्वतःची. जुन्या मुळांनी नव्या मुळ्या धरेपर्यंत तेवढं पाजलं, बस्स. कोंब मातीतल्या डोळ्यातून आला तरच ही मुळी लगेच मातीत जाते. मागच्या वेळी उंच बुडख्यावरच्या डोळ्यांतून कोंब आले होते, त्यांची मुळी वाऱ्यावरच राहिली.

पोरगा बराच वेळ बेट फिरवून बघत बसला. मग काही न बोलता सरीत उतरून नांग्या मोजायला लागला. ७० रोपं लागतील म्हणतोय. उद्या पिशवीतली रोपं आणायला जाणार आहे.

खताचा दुसरा हप्ता १३५ दिवसांनी, म्हणजे २४ जूनच्या आसपास. तोवर पाऊस लागला तर बरं. तेव्हाचे फोटो टाकतो, चांगले येवोत नाहीतर वाईट.